ब्रेक का लागला नाही? पाटण तालुक्यातील एका गावाच्या चेनसॉचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाव सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यातले, मोठ्या रस्त्यापासून बरेच आत. गावाची, माणसांची आणि दुकानांची ओळख इथे मुद्दाम पुसली आहे. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने हे प्रकरण माझ्यापर्यंत आले. त्यातल्या सगळ्यांशी बोलून आणि मशीन स्वतः उघडून पाहून हे लिहीत आहे.

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली. या गावात जीव कुणाचा गेला नाही, पण एकुलत्या एका रस्त्यावर झाडे आडवी पडली आणि गाव तुटले. जेसीबी सगळीकडे दरडी उपसण्यात गुंतलेले. एका आजारी बाईला झोळी करून खांद्यावरून खाली न्यावे लागले. पाणी ओसरल्यावर तरुण मंडळाने ठरवले की झाड कापायची मशीन गावाची स्वतःची हवी. मुंबईत माथाडीत असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि कराडहून पेट्रोलवर चालणारा चेनसॉ आला. 58 सीसी, 22 इंची बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी), बाजारात सर्रास मिळतो तो प्रकार. गावात त्याला सगळे ‘कटर’च म्हणतात.

विकत घेण्याचा निर्णय चुकला असे मला वाटत नाही. अशा गावाला ही मशीन लागतेच. ती घेताना सांभाळणार कोण, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. मशीन समाजमंदिराच्या खोलीत ठेवली आणि किल्ली शेजारच्या घरी. पावसाळ्यात रस्त्यावरचे झाड कापायला ती निघायची. उरलेले आठ महिने ज्याला लागेल तो न्यायचा: कुणाला सरपण फोडायचे, कुणाला लग्नाच्या चुलवणासाठी लाकूड, कुणाला बांधावरची बाभूळ काढायची. परत आणताना टाकीत उरलेले पेट्रोल तसेच, भुसा तसाच. आणणारा म्हणायचा, "चालू हाय, काय न्हाय झालं."

दोन पावसाळे असेच गेले.

त्या दिवशी काय घडले

तिसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला वादळी पाऊस झाला आणि ओढ्याच्या वळणावर एक जुने जांभळाचे झाड मुळासकट रस्त्यावर आले. सकाळची दुधाची गाडी अडली. गावातला एक तरुण मशीन घेऊन गेला. त्याला इथे चालक म्हणू. बरोबर मंडळाची चार-पाच पोरे, आणि तात्या. तात्यांचे सगळे आयुष्य वखारीत गेले आहे. मशीन ते हातात धरत नाहीत, पण लाकूड कोणत्या बाजूला बसेल हे त्यांना नुसते पाहून कळते.

विजेची तार आसपास नव्हती, हे आधी पाहून घेतले होते. चालक फांद्या उतरवू लागला. साखळीला धार नव्हती, म्हणून तो मशीन लाकडावर दाबत होता. एका जाड फांदीत बार उतरत असताना पलीकडच्या पाल्यात दडलेल्या दुसऱ्या फांदीला बारचे टोक वरच्या बाजूने लागले आणि मशीन उसळून मागे आली.

ज्यांनी चेनसॉ चालवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग हा या यंत्रातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. तिथून साखळी वळून खाली जात असते. त्या जागी दात लाकडात अडकला की साखळीचा सगळा जोर बारला वर आणि चालवणाऱ्याच्या दिशेने फेकतो. पापणी लवायच्या आत हे होऊन जाते. हात आवरतील, बाजूला होता येईल, असे काही नसते. म्हणूनच पुढच्या हँडलसमोर हाताची ढाल दिलेली असते. मशीन उसळली की डाव्या हाताचे मनगट ढालीवर आदळते, ढाल पुढे जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. हाच चेन ब्रेक.

चालकाचे मनगट ढालीवर आदळले आणि ढाल पुढेही गेली. साखळी मात्र फिरतच राहिली.

तो वाचला, त्याचे कारण एकच. काम सुरू करताना तात्यांनी त्याला दटावले होते, "बारच्या रेषेत डोकं ठेवू नगंस, डावीकडं सरक." तो सरकून उभा होता, म्हणून साखळी मानेजवळून न जाता उजव्या दंडावर गेली. रेनकोट फाटला, आतला शर्ट फाटला, दंडावर चीर पडली. पाटणला नेऊन टाके घातले. हाड, शीर, काही दुखावले नाही.

आणखी एक गोष्ट त्या गोंधळात कुणाच्या लक्षात आली नाही, नंतर बोलताना बाहेर पडली. मशीन खाली पडल्यावरही इंजिन चालू होते. बंद करायचे बटण केव्हाच निकामी झाले होते, त्यामुळे सगळे जण चोक ओढूनच मशीन बंद करत. पोरांपैकी एकाने धावत जाऊन चोक ओढला, तोवर साखळी चिखलात फिरत होती.

मशीन उघडल्यावर

गावात लगेच दोन मते झाली. काहींच्या मते मशीनच हलकी, तर काहींच्या मते पोराने घाई केली. मशीन उघडल्यावर जे दिसले त्यात दोन्हीचे उत्तर नव्हते. एकेक भाग पाहत मागे गेलो तसा सगळा क्रम उलगडला, आणि या प्रकरणातले शिकण्यासारखे सगळे त्या क्रमातच आहे.

सुरुवात पेट्रोलपासून झाली. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्या पट्ट्यातल्या उसापासूनही बनते, पण त्याला हवेतला ओलावा ओढून घ्यायची सवय आहे. कोयनेच्या खोऱ्यातली हवा पावसाळ्यात किती ओली असते हे सांगायला नको. टाकीत महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोल-ऑईलच्या मिश्रणात पाणी उतरले होते आणि तळाशी वेगळा थर दिसत होता. कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक झाला होता, पेट्रोलची नळी ताठ झाली होती. एअर फिल्टर भुशाने इतका भरला होता की बोटाने खरवडावा लागला. अशा मशीनचे इंजिन मंद गतीवर टिकत नाही, रेस सोडली की बंद पडते.

बंद पडते म्हणून कुणीतरी स्लोचा, म्हणजे मंद गती ठरवणारा, स्क्रू आवळून गती वाढवून ठेवली. हा क्रमातला पहिला चुकीचा इलाज. इंजिन टिकले, पण आता रेस न देताही क्लच पकडू लागला आणि साखळी फिरू लागली. फिरती साखळी घेऊन इकडून तिकडे जाणे भीतीचे, म्हणून पोरे ब्रेक लावून उभी राहायची. म्हणजे एकीकडे ब्रेकचा पट्टा साखळी फिरवणाऱ्या ड्रमला धरून ठेवतो आणि आतून क्लच तोच ड्रम फिरवायला बघतो. ड्रम तापून निळा पडला होता. त्याला वेढणारा पोलादी पट्टा झिजून पातळ झाला होता आणि त्याची आतली बाजू आरशासारखी चकचकीत झाली होती.

दुसरा धागा धारेचा. साखळी बोथट झाली तेव्हा ती वेल्डिंगच्या दुकानात नेली. तिथे ग्राइंडरवर दात घासून मिळाले. दाताच्या पुढे जो बुटका उंचवटा असतो, तो दाताने किती खोल लाकूड घ्यायचे हे ठरवतो. तो दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असला पाहिजे. ग्राइंडरवाल्याने तोही उडवला. त्यामुळे दात लाकूड कापण्याऐवजी लाकडात रुतायला लागले. ज्या उसळीने त्या दिवशी घात केला तिची शक्यता या उडवलेल्या उंचवट्यांनी कितीतरी वाढवली होती. ग्राइंडरने दिलेली धार दोन दिवसांत गेली. बोथट साखळी लाकडाचे कपचे काढत नाही, पिठासारखा बारीक भुसा काढते. मग माणूस मशीन दाबतो, आणि दाबणाऱ्या हाताखाली टोक कुठे जाते याचा पत्ता राहत नाही.

तिसरा धागा तेलाचा. बार आणि साखळीसाठी ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑईल वापरले जात होते. फुकट मिळते म्हणून गावोगाव हेच चालते. त्यात धातूचे कण असतात, त्यांनी तेलपंप आणि बारवरचे तेलाचे छिद्र बुजते, आणि ते तेल साखळीला चिकटून राहत नाही, उडून जाते. इथे ते पिठूर भुशात मिसळून क्लच कव्हरच्या आत बसले होते. ब्रेकचा पट्टा आणि त्याला ओढणारी कळ याच कव्हरमध्ये असतात. सगळी जागा काळ्या, घट्ट लगद्याने भरलेली होती. ढाल पुढे गेली तरी कळ पूर्ण सुटायला जागाच नव्हती, आणि जेवढी सुटली तेवढ्याने तेलकट, झिजलेला पट्टा ड्रम धरू शकला नाही.

बाकीचेही सांगून टाकतो. मागच्या हँडलवर रेसचे लॉक असते. तळहाताने ते दाबल्याशिवाय रेस दाबली जात नाही, अशी सोय. सारखे दाबायला त्रास म्हणून ते सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कायमचे दाबून ठेवले होते. साखळी तुटली वा उतरली तर ती हातावर येऊ नये म्हणून खाली एक अडकवण असते, ती तुटलेली होती. बंद करायच्या बटणाची तार निखळली होती.

आधी काही दिसले होते का, असे मी सगळ्यांना विचारले. जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी दिसले होते. साखळी आपोआप फिरते, हे तर सगळ्या गावाला ठाऊक होते.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी समाजमंदिरात बैठक झाली, मुंबईकर गावकऱ्यांचे सेक्रेटरी फोनवर.

पहिला पर्याय तात्यांचा: मशीन विकून टाका, दोन माणसांची लांब करवत, कुऱ्हाडी आणि कोयते घ्या. "करवत हातातनं उडी मारत न्हाय," एवढेच ते म्हणाले. यात तथ्य होते, पण जांभळाचे खोड हातकरवतीने कापायला अर्धा दिवस जातो, आणि गावात ताकदीची माणसे राहिली आहेत किती? तरणी पोरे मुंबईला.

दुसरा पर्याय सेक्रेटरींचा. ही मशीन फेका, नावाजलेल्या कंपनीची घ्या, आम्ही पैसे उभे करतो. तिचे ब्रेक, इंजिनचा दाब, कंप शोषणारे रबर, सगळे चांगले असते, सुटे भाग मिळतात, हे खरे. किंमत तिप्पट-चौपट. माझे मत विचारले तेव्हा मी म्हणालो की चांगली मशीन आणाच, पण तीही याच खोलीत, याच रीतीने ठेवली तर दोन वर्षांत तिचाही पट्टा असाच निघेल.

तिसरा पर्याय होता वेळ पडेल तेव्हा मशीनवाला तोडकरी बोलवायचा. एरवी हा सर्वांत सुरक्षित पर्याय. त्यांचे हात रोजचे असतात. पण वादळाच्या रात्री ते सगळे रस्त्याच्या ठेकेदाराकडे असतात, आणि इथे तर रस्ताच बंद असतो.

चौथा पर्याय: हीच मशीन खऱ्या भागांनी पुरती दुरुस्त करायची आणि वापराचे नियम बांधायचे.

पैशाची चर्चा लवकर मिटली. वेळ गेला तो एकाच मुद्द्यावर, मशीन मागायला येणाऱ्याला नाही कुणी म्हणायचे? वर्गणी सगळ्यांची, मग हक्कही सगळ्यांचा. भावकीत नाही म्हटले की ते पुढच्या लग्नापर्यंत लक्षात राहते. शेवटी एका बाईंनी तोडगा काढला. मशीन मोकळी कुणालाच द्यायची नाही, ती चालवणाऱ्याबरोबर जाईल. ज्याचे काम त्याने पेट्रोल, तेल आणि चालवणाऱ्याची हजेरी द्यायची. त्यामुळे कुणाला नकार द्यावा लागत नाही आणि मशीन अनोळखी हातात जात नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

निर्णय आणि दुरुस्ती

चौथा पर्याय ठरला, एका अटीसह: दुरुस्तीनंतर ब्रेकची चाचणी समाधानकारक झाली नाही तर मशीन भंगारात.

नवा ब्रेक पट्टा, क्लचच्या स्प्रिंगा आणि ड्रम, कार्बोरेटरच्या पडद्यांचा संच, पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, बंद करायचे बटण, साखळीची अडकवण आणि दोन नव्या साखळ्या. ट्यूबची पट्टी कापून फेकली. बारची खाच पातळ पत्र्याने खरवडून साफ केली, तेलाचे छिद्र तारेने मोकळे केले, बारच्या कडांवर आलेली धातूची बारीक धार कानशीने काढली आणि बार उलटा बसवला. बार असा अधूनमधून फिरवला नाही तर खालच्या एकाच बाजूने झिजतो. साखळ्या दोन झिजल्या की ज्या दातेरी चाकावर साखळी फिरते तेही बदलायचे, हे वहीत लिहून ठेवले.

मशीनबरोबर जाळीचा चष्मा आणि कानावरचे कप असलेले हेल्मेट आले, मांड्यांवर बांधायचे संरक्षक आवरणही आले. या आवरणात लांब धागे असतात. साखळी लागली की ते ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि साखळी अडते. कानाचे कप हा शोभेचा भाग नाही, चेनसॉचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो.

चालवणारे दोनच ठरले: जखमी चालक आणि आणखी एक जण. सांभाळणारा तिसराच, गावातला मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर. चालवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हा आग्रह तात्यांचा. घाई चालवणाऱ्याला असते, म्हणून ते तसे म्हणाले.

तपासणी कशी बसवली

भिंतीवर तक्ता लावायची सूचना आली होती. मला वाटले की लांबलचक तक्ता दोन आठवड्यांत कॅलेंडरमागे जातो. म्हणून तपासणी कामाच्या ओघात बसवली.

मशीन खोलीबाहेर काढली की आधी इंजिन बंद ठेवूनच साखळी पाहायची. हातमोजा घालून साखळी बारवरून ओढली तर सहज फिरली पाहिजे, आणि बारच्या मध्यावर खालून ओढून सोडली तर चट्कन जागेवर बसली पाहिजे. खाली लोंबत असेल तर ताण द्यायचा, पण बारचे टोक वर उचलून धरूनच नट आवळायचे. काम करताना साखळी तापून सैल होते, तेव्हा ताणली तर काम संपल्यावर आठवणीने ढिली करायची. थंड होताना ती आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ बसते.

मग रेसचे लॉक: ते न दाबता रेस दाबून पाहायची, दबता कामा नये. ढाल पुढे ढकलून ‘टक’ असा आवाज येतो का आणि मागे ओढल्यावर मोकळी होते का, हे पाहायचे. त्यानंतर धक्क्याची चाचणी. इंजिन बंद, ब्रेक मोकळा, मशीन ओंडक्याच्या वर एक-दीड फूट आडवी धरायची, पुढचा हात सोडायचा आणि बारचे टोक ओंडक्यावर पडू द्यायचे. त्या धक्क्याने ढाल आपोआप पुढे पडली पाहिजे. उसळीत मनगट ढालीला लागलेच नाही, तर हीच यंत्रणा कामी येते.

इंजिन सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय, डावा हात पुढच्या हँडलवर, आणि उजव्या हाताने दोरी. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढण्याची सवय सगळ्यांना होती, ती मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. पेट्रोल भरले त्या जागेपासून तीन मीटर तरी लांब जाऊनच सुरू करायचे.

सुरू झाल्यावर दोनच गोष्टी, पण त्या चुकवायच्या नाहीत. ब्रेक सोडून, रेस न देता, साखळी स्थिर आहे का? फिरत असेल तर काम नाही. स्लो कमी करायचा आणि तरी फिरली तर क्लच उघडायचा. मग मशीन जमिनीवर घट्ट धरून पूर्ण रेस द्यायची आणि हँडल न सोडता डाव्या मनगटाने ढाल ढकलायची. साखळी त्या क्षणी थांबली पाहिजे, रेस लगेच सोडायची. नंतर बटणाने इंजिन बंद होते का पाहायचे.

तेल येते का हे पाहायला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बारचे टोक धरून अर्धी रेस द्यायची. तेलाची रेघ उमटली म्हणजे ठीक. जळके ऑईल बंद केले. चेनचे चिकट तेल आणतात.

मिश्रणासाठी मापाची बाटली घेतली. या मशीनच्या पुस्तिकेत 25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल आहे, म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर टू-टी ऑईल. काही कंपन्या आपल्या खास तेलासाठी 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर सांगतात. म्हणून दुसऱ्याच्या मशीनचे माप आपल्याला लावायचे नाही. मिश्रण एका लिटरपेक्षा जास्त करायचे नाही, डब्यावर तारीख लिहायची, महिना झाला की ते मशीनमध्ये घालायचे नाही.

धारेसाठी ग्राइंडर बंद. या साखळीला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. 30 अंशांचा कोन, कानस फक्त पुढे ढकलायची, प्रत्येक दाताला सारखेच घाव. दाताच्या पुढचा उंचवटा पट्टीने मोजून, गरज असेल तरच घासायचा. धार कशी आहे हे भुसाच सांगतो. कपचे पडत असतील तर चांगली, पीठ पडायला लागले की थांबून कानस घ्यायची. चिखलाने माखलेले खोड असेल तर आधी कोयत्याने साल काढायची, कारण मातीतल्या एका खड्यावर साखळीची धार जाते.

आणि काम संपल्यावर, थकलेले असताना, सर्वांत कंटाळवाणे काम: क्लच कव्हर काढून ब्रशने भुसा काढणे. कव्हर काढताना ब्रेक मोकळा असावा. लावलेल्या स्थितीत काढले तर ते परत बसत नाही. याच कामाच्या अभावी ब्रेक गेला होता, म्हणून वहीत सही फक्त याच कामापुढे घ्यायची असे ठरले.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात मशीन बऱ्याचदा बाहेर निघाली. दुखापत कुणालाही झाली नाही. पण परीक्षा पाहणारा प्रसंग एका रात्री आला. खालच्या वस्तीजवळ सिल्व्हर ओक आडवा पडला, पलीकडे एक पेशंट असलेली जीप थांबलेली. मशीन काढली, चाचणी घेतली, ढाल टाकली आणि साखळी थांबायच्या आधी चांगली हातभर फिरली. आदल्या दिवशी काम उशिरा संपले होते आणि कव्हर उघडलेच नव्हते. वहीत सही नव्हती.

लोक ओरडू लागले, "आता काय तपासत बसलाय? कापा!" चालकाने मशीन लाकडाला लावली नाही. दंडावरची खूण त्याला पुरेशी होती. कारागिराने बॅटरीच्या उजेडात कव्हर उघडले, भुसा काढला, पट्टा पुसला, पुन्हा चाचणी घेतली. साखळी जागेवर थांबली. यात वीसेक मिनिटे गेली. दरम्यान तात्यांनी पोरांना लावून कोयत्याने बारक्या फांद्या मोकळ्या केल्या होत्या, त्यामुळे कापायला फक्त खोड उरले. जीप वेळेत पाटणला पोचली.

खोड कापतानाही तात्यांचे ऐकले गेले. पडलेले खोड दोन टोकांवर टेकून मध्ये लोंबत असेल, तर त्याची वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते. आधी वरून थोडे कापायचे, मग खालून. उलट केले तर खोड बार चावते किंवा फाटून अंगावर येते. बुंध्याकडे मुळांचा गड्डा असेल तर त्याच्या मागे कुणालाही उभे राहू द्यायचे नाही. खोड सुटले की गड्डा परत खड्ड्यात बसतो.

मागणाऱ्यांची नाराजी अपेक्षेपेक्षा कमी झाली. बऱ्याच घरांना चालवणाऱ्यासकट मशीन मिळणे सोयीचे वाटले. एक-दोन घरे अजून रुसलेली आहेत.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी खरेदीच्या दिवशीच होती. सुटे भाग आणि एक जादा ब्रेक पट्टा मशीनबरोबरच घेतला असता, तर पुढची जुगाडे करायची वेळ आली नसती. दुकानदाराने सुरू करून दाखवली आणि पुस्तिका खोक्यातच राहिली. घेणाऱ्यांनी तिथेच ब्रेकची चाचणी करून मागायला हवी होती.

साखळी आपोआप फिरते हे पहिल्यांदा दिसले त्या दिवशी मशीन बाजूला ठेवायला हवी होती. सगळ्या दोषांत तो एकच असा होता की जो प्रत्येकाला, न उघडता, डोळ्यांना दिसत होता. स्लोचा स्क्रू फिरवण्याऐवजी एअर फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवला असता आणि ताजे मिश्रण घातले असते, तरी बहुधा गाडी तिथेच सावरली असती.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवण्याचे काम दसऱ्याच्या सुमारास करायचे ठरले होते. पहिल्या वर्षी ते राहून गेले, दिवाळीनंतर झाले. यंदा खंडेनवमीला शस्त्रपूजनासाठी मशीन पुसून ठेवतात तेव्हाच टाकी रिकामी करायची, असे कारागिराने ठरवले आहे.

मांड्यांवरचे आवरण कोणीच नियमित वापरत नाही. दमट हवेत ते गरम होते आणि जड लागते, ही तक्रार खरी आहे. पण मी आवरणाशिवाय मशीन बाहेर निघू नये या मताचा आहे, आणि मंडळाशी माझा हा वाद अजून चालू आहे. सध्याची तडजोड अशी की खोड कापताना ते बांधायचे, फांद्यांना नाही. मला ती मान्य नाही, कारण चालकाला लागले ते फांदी कापतानाच.

दोघेही चालवणारे जे शिकले ते एकमेकांकडून आणि तात्यांकडून. ज्याने हा धंदा रोज केला आहे अशा माणसाकडून चार दिवस उभे राहून शिकण्याची सोय अजून झालेली नाही. सेक्रेटरींनी त्यासाठी पैसे बाजूला काढले आहेत, आणि भातलावणी उरकल्यावर चांदोलीकडच्या एका जुन्या तोडकऱ्याला बोलवायचे चालले आहे.